वरळीचा मनोरा : मुंबई दूरदर्शन केंद्राची पन्नास वर्षे



मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातले दुसरे केंद्र. दिल्लीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी युनेस्कोच्या मदतीने सुरू झाले होते. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या केंद्रात तेरा वर्षांचे अंतर पडले. एवढी वर्षे का लागली? या प्रश्नापासूनच मुंबई केंद्राच्या इतिहासाला सुरुवात करावी लागते, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या उशिरात आहे.

दिल्लीचे ते पहिले केंद्र म्हणजे आकाशवाणीच्या पंखाखालचा एक छोटा प्रयोग होता. आठवड्यातून दोनदा प्रक्षेपण, मोजके संच, तेही बहुतेक सामूहिक. १९६१ पासून शाळांसाठी पाठ सुरू झाले, १९६५ मध्ये प्रक्षेपण रोजचे झाले आणि २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या शेतकऱ्यांसाठी ‘कृषी दर्शन’ आले. बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आलेले पु. ल. देशपांडे या सुरुवातीच्या काळात दिल्ली केंद्राशी जोडलेले होते. मराठी माणसाचा दूरचित्रवाणीशी संबंध वरळीच्या आधीचा आहे, तो असा.

पण दिल्लीबाहेर जाण्याची घाई सरकारला नव्हती. धान्याची टंचाई, दोन युद्धे, परकीय चलनाची चणचण. अशा देशात दूरचित्रवाणी ही चैन मानली जात होती. दुसरीकडे विक्रम साराभाई वेगळाच आग्रह धरून बसले होते. शहरापासून सुरुवात करून खेड्याकडे जायचे, हा जगाचा क्रम भारताने उलटा करावा. उपग्रहाच्या मदतीने आधी खेड्यात दूरचित्रवाणी न्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातूनच पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा प्रयोग झाला आणि अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते जुन्या पद्धतीचे, शहरातले, उंच मनोऱ्याचे केंद्र. साराभाई डिसेंबर १९७१ मध्ये गेले आणि नऊ महिन्यांनी वरळीचा मनोरा बोलू लागला. खेडे आधी की शहर आधी, हा वाद मुंबईपुरता तरी शहराने जिंकला होता.

शहराने जिंकला म्हणजे नेमके काय झाले? मुंबईत तेव्हा चार-पाच भाषांचा प्रेक्षक होता आणि पडद्यावर वेळ होता संध्याकाळचे काही तास. त्या तासांत मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा सगळ्यांना जागा द्यायची होती. म्हणून एकीकडे तबस्सुम यांचे ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’, दुसरीकडे साबिरा मर्चंट यांचे ‘व्हॉट्स द गुड वर्ड’, तिसरीकडे गुजराती ‘संताकुकडी’, आणि या सगळ्यांच्या मधोमध मराठी कार्यक्रम, अशी ती रचना झाली. आजच्या वाहिन्यांच्या बाजारात एका पडद्यावर इतक्या भाषा एकमेकींशेजारी बसलेल्या दिसणार नाहीत. गिरगावातल्या घरात त्यामुळे गुजराती नाटुकले पाहिले जाई आणि घाटकोपरच्या गुजराती कुटुंबाला मराठी निवेदिकांची नावे पाठ असत.

सुरुवातीच्या वर्षांत मुंबई केंद्र आकाशवाणीचाच भाग होते. ‘दूरदर्शन’ हा वेगळा विभाग झाला तो १ एप्रिल १९७६ रोजी. त्यामुळे केंद्राची कामाची शिस्त, हुद्दे, कलावंतांशी करार करण्याची रीत, एवढेच काय पण उच्चारांबद्दलचा कडकपणाही रेडिओकडून आला. अधिकारी सरकारी नोकर. निर्माते मात्र पुष्कळदा साहित्य, संगीत, नाटक यांतून आलेले. इथेच मुंबई केंद्राच्या चांगल्या दिवसांचे रहस्य आहे. दादर, गिरगाव, विलेपार्ले, ठाणे इथली व्यावसायिक आणि प्रायोगिक रंगभूमी तेव्हा भरात होती. छबिलदासच्या सभागृहात नवी नाटके होत होती, शिवाजी मंदिरात व्यावसायिक नाटकांची गर्दी होती आणि या दोन्हीकडचे नट वरळीला बसने पोहोचू शकत होते. पैसे थोडे, मानधन किरकोळ, पण कलावंत दाराशी. दिल्लीला ही श्रीमंती नव्हती.

या श्रीमंतीचा पहिला मोठा वापर ‘गजरा’ने केला. विनायक चासकर यांची निर्मिती असलेला हा हलकाफुलका कार्यक्रम छोट्या नाटुकल्यांनी, गाण्यांनी आणि विनोदाने गुंफलेला असे. त्याला फार मोठे नेपथ्य लागत नसे, कॅमेरे मोजके, रंग नाहीत. जे होते ते नटांचे टायमिंग आणि लेखकांची वाक्ये. याकूब सईद यांनी बबन प्रभूंसह ‘हास परिहास’ रंगवले. चिं. वि. जोशींच्या कथांवरून केलेल्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी घरांत ही जोडी इतकी रुजली, की पुस्तकातले चिमणराव आणि पडद्यावरचे चिमणराव वेगळे काढणे पुढच्या पिढीला जमले नाही. दूरचित्रवाणीने साहित्याचे भले केले की नुकसान, हा वाद घालणाऱ्यांनी या एका उदाहरणापाशी थोडे थांबावे. मूळ पुस्तक न वाचलेल्या घरांतही चिमणराव शिरले, आणि वाचनालयांतल्या त्या पुस्तकांचे आयुष्यही त्यामुळे वाढले असावे.

पण केवळ विनोदावर केंद्र उभे नव्हते. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक, गायक, चित्रकार समोर बसून आपल्या कामाबद्दल बोलत. अरुण काकतकर यांच्या ‘शब्दांच्या पलीकडले’मधून मराठी भावगीताला चेहरा मिळाला, रेडिओवर वर्षानुवर्षे ऐकलेला गळा कुणाचा, हे लोकांना पहिल्यांदा दिसले. ‘सुंदर माझं घर’ गृहिणींसाठी, ‘किलबिल’ मुलांसाठी, ‘कामगार विश्व’ गिरण्या-कारखान्यांतल्या माणसांसाठी, ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी. आणि या सगळ्यांची आगाऊ वर्दी देणारी ‘साप्ताहिकी’. कार्यक्रमांची जाहिरात हाच एक कार्यक्रम होता आणि तो लोक नेमाने पाहत, याचे आज नवल वाटेल. घरात एकच वाहिनी असे तेव्हा आठवड्याचा बेत त्यावर ठरे. कोणत्या दिवशी पाहुण्यांना बोलवायचे आणि कोणत्या दिवशी नाही, हेही.

शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, गुरुवारी ‘छायागीत’. एवढ्या तीन गोष्टींनी चाळीचे वेळापत्रक बदलले. संच ज्यांच्या घरी, त्यांच्या घरी अर्धा मजला. सरकत्या फळ्यांच्या लाकडी पेटीतला तो संच, गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या, आणि वर जाऊन अँटेना फिरवणारा घरातला धाकटा मुलगा. संच बाळगायला परवाना लागे. त्याची वार्षिक फी पोस्टात भरायची. चित्र मध्येच गेले की ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. ती पाटीसुद्धा लोक निमूटपणे पाहत बसत, कारण पाटी गेल्यावर काय येईल याची खात्री नसे.

एका कार्यक्रमापाशी जरा जास्त थांबले पाहिजे. तो म्हणजे आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’. प्रौढांच्या शिक्षणासाठी असलेला हा कार्यक्रम कागदावर वाचला तर सरकारी आणि कंटाळवाणा वाटावा. प्रत्यक्षात त्याने प्रेक्षकांना एकत्र केले. गावोगावी, वस्त्यावस्त्यांत ‘ज्ञानदीप मंडळे’ निघाली. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम पाहत, चर्चा करत, केंद्राला पत्रे लिहीत आणि आपल्या भागात काय काम केले ते कळवत. त्या कामांतल्या गोष्टी पुन्हा पडद्यावर येत. म्हणजे प्रेक्षकच पुढच्या कार्यक्रमाचा विषय होत असे. प्रेक्षकांशी संवाद म्हणून आज जे काही चालते, ते बहुतेक मत नोंदवण्यापुरते असते. ज्ञानदीप मंडळाने मागितले ते काम. रक्तदान, साक्षरतेचे वर्ग, गावची स्वच्छता. सार्वजनिक दूरचित्रवाणी म्हणजे काय, याचे मुंबई केंद्राने दिलेले सर्वांत स्पष्ट उत्तर ‘ज्ञानदीप’ हेच आहे. गुजरातेत त्याच काळात अहमदाबादजवळच्या पीज इथून खेडा जिल्ह्यासाठी चाललेल्या प्रकल्पाला जगभर नाव मिळाले, अभ्यासकांनी त्यावर भरभरून लिहिले. ‘ज्ञानदीप’ला तसा अभ्यासक लाभला नाही.

बातम्यांबद्दलही थोडे. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे, स्मिता तळवलकर, चारुशीला पटवर्धन ही नावे एका पिढीला नातेवाइकांच्या नावांइतकी जवळची आहेत. त्यांतल्या काहींची खरी वाट रंगभूमी, चित्रपट किंवा लेखन ही होती. वृत्तनिवेदन ही त्यांची संध्याकाळची जबाबदारी. ठाम उच्चार, संथ लय, चेहऱ्यावर भावनांची उधळण नाही. मराठी बातम्यांची प्रमाण बोली कशी असावी, हे या मंडळींनी ठरवले. त्यात एक उणे होते, तेही सांगितले पाहिजे. ती बोली मुंबई-पुण्याची होती. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांना बातम्यांत जागा नव्हतीच. त्या बोली आल्या त्या शेतीच्या कार्यक्रमात किंवा विनोदात. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला आपली भाषा पडद्यावर दिसली ती हसण्यासाठी. हा दोष केंद्राचा एकट्याचा नाही, मराठी नाटक-सिनेमाचाही आहे; पण सरकारी पैशाने चालणाऱ्या केंद्राकडून अपेक्षा जास्त असते.

आता पोहोच किती होती, या प्रश्नाकडे. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात. मुंबईच्या पूर्वेला सह्याद्री उभा. वरळीचा मनोरा कितीही उंच असला तरी घाटापलीकडे चित्र जाणे शक्य नव्हते. म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभे राहिले. मुंबईचे चित्र मायक्रोवेव्ह दुव्याने तिथे नेले जाई आणि गडावरून पुण्यावर व देशावरच्या आसपासच्या पट्ट्यावर पसरे. तानाजीच्या गडावर लोखंडी मनोरा आला तेव्हा काहींची मने दुखावली, पण पुण्याला दूरदर्शन मिळाले ते त्या उंचीमुळेच. पुण्याचा दुसरा वाटाही मोठा आहे. फिल्म इन्स्टिट्यूटचा दूरचित्रवाणी प्रशिक्षण विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून पुण्याला आला आणि देशभरच्या केंद्रांतले निर्माते, कॅमेरामन, अभियंते तिथे शिकून गेले.

पुणे झाले, पुढे? पुढे बराच काळ काहीच नाही. १९७० च्या दशकात ज्याला ‘मुंबई दूरदर्शन’ म्हणतात, ते मुंबई, ठाणे, पुणे आणि त्यांच्या परिघापुरते होते. नागपूर, औरंगाबाद, नांदेड, जळगाव, कोल्हापूर, रत्नागिरी इथल्या माणसाने चिमणरावांबद्दल वर्तमानपत्रात वाचले. ‘सगळा महाराष्ट्र शनिवारी संध्याकाळी एकच चित्रपट पाहत असे’ हे वाक्य आठवणींच्या लेखांत सतत येते. ते खरे नाही. महाराष्ट्राचा एक कोपरा पाहत असे. त्या कोपऱ्यात लेखक, संपादक आणि प्रकाशक राहत असल्यामुळे त्यांच्या आठवणी सगळ्या राज्याच्या आठवणी ठरल्या, एवढेच.

आणीबाणीचा काळ थोडक्यात उरकता येतो, कारण त्यात मुंबईचे असे वेगळे काही नव्हते. जून १९७५ नंतर आकाशवाणी आणि दूरदर्शन ही सरकारची मुखपत्रे झाली. किशोरकुमार यांनी सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून त्यांची गाणी दोन्ही माध्यमांवरून हटवली गेली. हिंदी चित्रपटाच्या राजधानीतल्या केंद्रालाही तो हुकूम पाळावा लागला. जाहिराती सुरू झाल्या त्याही याच काळात, १ जानेवारी १९७६ पासून. जनता सरकार आल्यावर बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. ती शिफारस कपाटात गेली.

मुंबई केंद्राला खरे वळण लागले ते १९८२ मध्ये. त्या वर्षी १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीचा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ दोन्ही सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि रंगीत संचांची लाट आली. लोकांच्या लक्षात राहिला तो रंग. केंद्राच्या दृष्टीने मोठी घटना होती ती दुसरीच. रात्री साडेआठनंतरचा वेळ, म्हणजे घरातली सगळी माणसे जेवणाच्या आगेमागे पडद्यासमोर असतात तो वेळ, दिल्लीकडे गेला. मुंबई, कोलकाता, चेन्नई या केंद्रांच्या हातात उरली संध्याकाळ. मराठी नाटुकल्याला किंवा साहित्यिकाच्या मुलाखतीला आता नोकरदार घरी परतण्याआधी उरकावे लागे. चेन्नईत यावर मोठी ओरड झाली. महाराष्ट्रात झाली का? फारशी नाही. हिंदी मराठी माणसाला परकी नव्हती आणि दिल्लीहून येणारा कार्यक्रम तयार होई तो पुष्कळदा मुंबईतच, मुंबईच्या कलावंतांना घेऊन. मराठीचा वेळ गेला आणि मराठी प्रेक्षकाला तो गेल्याचे जाणवलेही नाही.

दुसरी गोष्ट प्रक्षेपकांची. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका सुरू झाला. काही महिने तर जवळजवळ रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या गावी अँटेना दिसू लागले ते तेव्हा. पण या छोट्या प्रक्षेपकांचा दुवा इन्सॅट उपग्रहाशी होता आणि उपग्रहावरून येत होती दिल्ली. परिणाम असा, की मराठवाड्यातल्या एखाद्या शहरात दूरदर्शन आले, ‘हम लोग’ ही हिंदी मालिका आली, पण मराठी बातम्या आल्या नाहीत. आपल्याच राज्याच्या राजधानीतले केंद्र त्या प्रेक्षकाला दिसत नव्हते. विदर्भासाठी नागपूरला उपग्रहाच्या साह्याने ग्रामीण कार्यक्रम करण्याची सोय झाली, पण ती मर्यादित होती. राज्यातले प्रक्षेपक उपग्रहाने मुंबईशी जोडले गेले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. खऱ्या अर्थाने मुंबई केंद्र महाराष्ट्राचे केंद्र झाले ते तेव्हा, स्थापनेनंतर दशकाहून अधिक काळाने. आणि तोवर त्याच्या हातातला रात्रीचा वेळ गेलेला होता. पोहोच वाढली तेव्हा वेळ नाही, वेळ होता तेव्हा पोहोच नाही.

पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने याच सुमारास दूरदर्शनच्या दिल्लीकेंद्री वृत्तीवर बोट ठेवले होते आणि प्रादेशिक, स्थानिक निर्मिती वाढवण्याचा आग्रह धरला होता. तोही अहवाल वर्गीज समितीच्या शेजारी जाऊन बसला.

तिसरा बदल पैशाचा. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचे युग आले. आतापर्यंत केंद्राचा निर्माता विषय निवडत असे, लेखक गाठत असे, स्टुडिओत तालीम घेऊन कार्यक्रम चित्रित करत असे. आता बाहेरचा निर्माता प्रायोजक घेऊन येई आणि केंद्र त्याला वेळ देई. यातून चांगली कामे झाली नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजदत्त यांनी ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ पडद्यावर आणला आणि तो मुलांच्याच काय, मोठ्यांच्याही मनात राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेला चित्रपट, सुहास जोशींची त्यातली लक्ष्मीबाई, हा मराठी दूरचित्रवाणीचा एक उत्तम नमुना आहे. पोलिसांच्या नियंत्रण कक्षावरची ‘एक शून्य शून्य’ केली बी. पी. सिंग यांनी. ते मूळचे याच केंद्रात बातम्यांचे कॅमेरामन. पुढे १९९८ मध्ये त्यांनीच खासगी वाहिनीवर ‘सीआयडी’ आणली. हिंदीतली सर्वांत दीर्घ चाललेली गुन्हेमालिका वरळीतल्या शिदोरीवर उभी आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

तरीही बदल झाला तो झालाच. केंद्र कारखाना होते, ते हळूहळू भाड्याने जागा देणारे घर झाले. चांगला निर्माता मग तिथे कशाला राहील? विनय आपटे यांच्यासारखी माणसे बाहेर पडली आणि स्वतंत्रपणे काम करू लागली. १ मे १९८५ रोजी मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली, पण तिची ओळख पुढे ‘मेट्रो’ म्हणून झाली आणि तिचा मोहरा महानगरांतल्या हिंदी-इंग्रजी तरुणाईकडे वळला.

मग उपग्रह वाहिन्या आल्या. १९९१ मध्ये स्टार, आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई केंद्राच्या विसाव्या वाढदिवशी, झी. सरकारी मक्तेदारी तंत्रज्ञानानेच मोडली होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मिरास नव्हे, असा निर्वाळा दिला. त्याआधीच दूरदर्शनने प्रादेशिक भाषांच्या स्वतंत्र उपग्रह वाहिन्या सुरू केल्या होत्या. मराठीची डीडी-१० ही १५ ऑगस्ट १९९४ ची. तिलाच पुढे ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले.

मराठीला पहिल्यांदा दिवसभराचा स्वतःचा पडदा मिळाला तो सरकारी वाहिनीमुळे. खासगी ‘अल्फा मराठी’ आली १९९९ मध्ये, ‘ई टीव्ही मराठी’ २००० मध्ये. म्हणजे सह्याद्रीला पाच वर्षांची मोकळी वाट होती. त्या वाटेवर ती चालली का? काही अंतर नक्कीच. मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून ओळखली जाणारी ‘दामिनी’ दूरदर्शनचीच. प्रतीक्षा लोणकर यांनी साकारलेली पत्रकार दुपारच्या वेळी लाखो घरांत गेली. ‘ताक धिना धिन’सारखे गाण्यांचे खेळ लोकप्रिय झाले. पण एक गाठ सुटली नाही. उपग्रह वाहिनी पाहायला केबल लागे. साध्या अँटेनावर, म्हणजे खेड्यात आणि गरीब वस्तीत, प्रादेशिक कार्यक्रम पूर्वीसारखेच दुपार-संध्याकाळच्या ठरावीक तासांत दिसत. ज्याच्याकडे केबल होती त्याच्यापुढे पन्नास वाहिन्या होत्या. त्याने सह्याद्री लावावी असे कारण रोज नवे द्यावे लागणार होते. ज्याच्याकडे केबल नव्हती त्याला सह्याद्री पूर्ण दिसतच नव्हती. केबलवाल्यांनी दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत असा कायदा १९९५ मध्ये झाला, आणि डिसेंबर २००४ मध्ये मोफत डिश सेवा आली. मासिक शुल्काशिवाय छोट्या तबकडीवर सह्याद्री दिसू लागली. तांत्रिक अन्याय दूर झाला, तोवर खासगी मराठी वाहिन्यांनी रात्रीचा वेळ जिंकलेला होता.

प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. तो अमलात आला १९९७ मध्ये. त्याने कागदावर स्वायत्तता दिली. पैसा मात्र सरकारकडूनच यायचा राहिला आणि नव्या कार्यक्रम-निर्मात्यांची भरती जवळजवळ थांबली. वरळीच्या इमारतीत अनुभवी माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या किंवा कंत्राटावर भरल्या गेल्या. केंद्राच्या घसरणीचे खापर खासगी वाहिन्यांवर फोडण्याची पद्धत आहे. घटनांचा क्रम तसे सांगत नाही. रात्रीचा वेळ गेला १९८२ मध्ये, निर्मिती बाहेर गेली १९८४ नंतर, आणि स्पर्धक आले १९९० च्या दशकात. स्पर्धक आले तेव्हा केंद्राचे हात आधीच बांधलेले होते, आणि बांधणारे मुंबईत नव्हते.

तरीही या केंद्राचा उपयोग संपला, असे म्हणता येत नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, स्मार्टफोन नसलेल्या मुलांचे काय हा प्रश्न राज्यापुढे उभा राहिला. तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्रीवरूनच गेली. बाजाराला ज्या प्रेक्षकात रस नसतो, त्याच्यापर्यंत जाणारी वाट अजून तीच आहे. सातच्या मराठी बातम्या आजही आरडाओरडा न करता होतात. त्या पाहणारे थोडे आहेत, पण आहेत. आणि जमिनीवरचे जुने प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत देशभर बंद केले गेले आहेत. गच्चीवरच्या अँटेनाचे काम संपले.

राहिला प्रश्न ठेव्याचा. सुरुवातीचे पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, त्यामुळे त्यांची नोंदच नाही. जे टेपवर गेले त्यातले बरेच पुसले गेले, कारण टेप महाग होत्या आणि एकच टेप पुन्हा पुन्हा वापरली जाई. हा निष्काळजीपणा होता, पण तेवढाच नव्हता. पन्नास वर्षांनी कुणाला ‘गजरा’ पाहावासा वाटेल, असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. तो आजच्या संध्याकाळपुरता कार्यक्रम होता. दूरदर्शनने उरलेले काही कार्यक्रम डिजिटल रूपात आणून लोकांसाठी खुले केले आहेत. संपूर्ण सूची मात्र प्रेक्षकांपुढे नाही. कोणता कार्यक्रम शिल्लक आहे, कोणता गेला, कोणत्या लेखकाची मुलाखत कोणत्या टेपवर आहे, हे साध्या यादीच्या रूपात प्रसिद्ध करायला मोठा खर्च येणार नाही. ती यादी प्रसार भारतीने काढावी, आणि राज्य शासनाच्या सांस्कृतिक खात्याने तिचा पाठपुरावा करावा.

काम आपल्या सगळ्यांसाठीही आहे. ज्ञानदीप मंडळांच्या इतिवृत्ताच्या वह्या, केंद्राला लिहिलेल्या पत्रांच्या प्रती, घरी व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवलेले कार्यक्रम, जुने कार्यक्रमपत्रक, टीव्हीच्या परवान्याचे पुस्तक, असे काही ज्यांच्या माळ्यावर असेल, त्यांनी ते रद्दीत देण्याआधी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्यावे, आणि वाचनालयाने ते तारीख घालून दाखल करून घ्यावे.